आमच्या आजीची विद्या आम्हालाच विकता?

माणिकपूरच्या नाक्यावर एका टॉवरखाली फलक लागलाय. 'नैसर्गिक प्रसूती : आईपणाचा सोहळा.' दोन दिवसांचं शिबिर. श्वास कसा घ्यायचा, उकिडवं कसं बसायचं, कळा कशा झेलायच्या, बाळाला तेल कसं लावायचं, अंगावर कसं पाजायचं, सगळं शिकवणार. फी एवढी, की सातिवली-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत पॅकिंग करणाऱ्या बाईचा निम्मा पगार त्यातच खलास. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जोडप्यानंच यावं. आमच्या बायांच्या नवऱ्यांनी दोन दिवसांचा खाडा कुणाच्या बापाच्या जिवावर करायचा, ते काय लिहिलेलं नाही.

साथींनो, मला ठाऊक आहे, हे पान तुम्ही उलटायच्या बेतात आहात. बाळंतपण हा काय आपला विषय? अत्याचारावर लिहा, नोकऱ्यांवर लिहा, बाळंतपणाचं बायका बघून घेतील. १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं 'दलित कोण' हे सांगितलं तेव्हा त्यात स्त्रियांना धरलं होतं. कागदावर धरलं. मोर्च्याच्या दिवशी मात्र पोर कडेवर घेऊन शेवटच्या रांगेत चालणारी बाईच असायची आणि अजून तीच असते. म्हणून आज जरा थांबा आणि ऐका.

हा 'नैसर्गिक' शब्द आला कुठून ते आधी बघू. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९३३ साली त्या नावाचं पुस्तक लिहिलं. पुढं पॅरिसमध्ये लमाझनं श्वासाची पद्धत चालवली, ती तो १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात बघून आला होता. मग फ्रेडरिक लेबॉये आला. अंधुक उजेडात, आवाज न करता, बाळाला उलटं लटकवून न रडवता बाळंतपण करा म्हणाला. १९७४ चं त्याचं पुस्तक जगभर गाजलं. १९७६ मध्ये त्यानं बाळाच्या मालिशवर पुस्तक काढलं, त्याचं नाव 'शंतला'. कलकत्त्यात एक गरीब बाई पाय पसरून बाळाला तेल लावत बसली होती, ते बघून हा माणूस थक्क झाला. तिचं नाव शंतला. आज त्या नावानं फ्रान्स-ब्राझीलमध्ये मालिशचे वर्ग भरतात. कलकत्त्याच्या गल्लीतून पॅरिसला गेलेली विद्या आता विमानानं परत आलीय आणि माणिकपूरच्या नाक्यावर फलकावर चढलीय. येताना किंमत लावून आलीय.

ही विद्या आमच्या घरात होती. माझी आजी सुईण होती. मराठवाड्यातल्या गावात, महारवाड्यात राहणारी. शिबिरात जे दोन दिवसांत शिकवणार ते तिच्या बोटांत होतं. पोटावरून हात फिरवून मूल आडवं की पायाळू ते सांगायची. कळा येताना बाईला उभी ठेवायची, चालवायची, आढ्याला बांधलेल्या दोरीला धरून उकिडवी बसवायची. उताणी पाडून पाय बांधायचं तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. पोर खालीच येणार, वर कशाला चढेल?

पण तिला बोलावणं यायचं ते मागच्या दारानं. पाटलाच्या घरी बाई अडली की रात्री-अपरात्री माणूस यायचा, तेव्हा शिवाशिव नाही. त्या वेळी आजीचा हात पाटलिणीच्या पोटात गेलेला चालायचा. रक्त तिनं काढायचं, वार तिनं पुरायची, नाळ तिनं कापायची, घाणेरडी लुगडी ओढ्यावर तिनं धुवायची. पायलीभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं मिळायचं, ते पण लांबून टाकलेलं. बाराव्या दिवशी बाळंतिणीला न्हाऊ घातलं, घरात गोमूत्र शिंपडलं, की सोयर फिटलं. बाळंतीण शुद्ध, बाळ शुद्ध, घर शुद्ध. आजीचं मात्र कधीच फिटलं नाही. ज्या हातानं पाटलाचा वंश जगात आणला त्याच हाताला त्याच घराच्या आडावर पाणी नाही. त्या पोरानं मोठं झाल्यावर आजीला 'ए म्हातारे' म्हणून हाक मारलेली माझ्या आईनं ऐकलीय.

हे फक्त आमच्या गावचं नाही. देशभर नाळ कापायचं काम कुणाच्या गळ्यात बांधलं होतं? उत्तरेत चांभार बायांच्या. आणि उत्तर प्रदेशात स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत चांभारांनी ते गळ्यातलं तोडलं. 'नारा-मवेशी' आंदोलन म्हणतात त्याला. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे ढोर. आम्ही तुमची मेलेली ढोरं ओढणार नाही आणि तुमच्या बायांची नाळ कापणार नाही. मार खाल्ला, बहिष्कार झेलला, उपाशी राहिले, पण हात वर केले. इकडे बाबासाहेबांनी मेलेलं ढोर सोडा म्हटलं, ते आपण प्रत्येक सभेत सांगतो. तिकडच्या बायांनी नाळ सोडली, ते आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? जन्म आणि मरण, दोन्हीकडची घाण एकाच जातीच्या हाताला लावली होती, आणि त्यातली मरणाची बाजू तेवढी आपण लक्षात ठेवली, कारण ती पुरुषांची होती.

आता त्याच कामाला 'डूला' म्हणतात, 'बर्थ कोच' म्हणतात. हातमोजे घालून, इंग्रजीत बोलून, सुगंधी मेणबत्ती लावून केलं की ते पवित्र. काम तेच. जात बदलली, दर बदलला.

इथंवर वाचून कुणी म्हणेल, मग चला, आजीच्या काळात परत जाऊ, दवाखाने नकोत. थांबा. मी ते म्हणत नाही. आजीच्या पाया पडायला मी बसलेली नाही. तिनं नाळ विळ्यानं कापली, आणि तो विळा सकाळी गवतात चाललेला असायचा. कापलेल्या नाळेवर राख लावायची, कुठं कुठं शेण. मग पाचवी पुजायची, सटवाई येऊन पोराच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणे. आणि नेमकं त्याच पाच-सात दिवसांत पोराचा जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं, दूध ओढता यायचं नाही, आणि पोर जायचं. सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं म्हणायचे. तो धनुर्वात होता. आईला गरोदरपणी लस आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, एवढ्यावर तो हटतो. २०१५ मध्ये हा देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. सटवाईला विज्ञानानं घालवलं, आरतीनं नाही.

महाराष्ट्रात एक लाख जन्मांमागं बाळंतपणात मरणाऱ्या बाया २०१४-१६ मध्ये ६१ होत्या, २०१८-२० मध्ये ३३ वर आल्या. दवाखाना, रक्ताची बाटली, वेळेवर केलेलं ऑपरेशन, यानं त्या वाचल्या. घरी बाळंत होण्यात काय गंमत आहे ते ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यानं सांगावं. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली होतं, लोकल बंद होत्या, मिठागरात माणसं अडकली होती. तेव्हा कळा सुरू झालेल्या बाईनं कुठल्या निसर्गाला हाक मारायची होती?

आणि आजीला शिव्या पण देऊ नका. सुईण अडाणी म्हणून पोरं मेली, असं सरकारी डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले. गडचिरोलीत 'सर्च'नं गावातल्या बायांना शिकवलं, वजनकाटा दिला, श्वास अडकलेल्या बाळाला फुंकायची पिशवी दिली, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अहवाल छापून आला. म्हणजे बाईच्या हातात खोट नव्हती. त्या हाताला इतकी शतकं निर्जंतुक ब्लेड द्यायची कुणाला गरज वाटली नव्हती.

'नैसर्गिक'च्या शेजारीच दुसरं दुकान आहे, गर्भसंस्काराचं. मंत्र ऐका, तूप खा, अमुक तिथीला जवळ या, म्हणजे 'उत्तम संतती' होते. २०१७ मध्ये संघ परिवारातल्या आरोग्य भारतीच्या 'गर्भविज्ञान संस्कार' कार्यक्रमाची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. काळ्यासावळ्या, ठेंगण्या आईबापांना सुद्धा गोरं आणि उंच पोर होईल असं त्यात सांगत होते. म्हणजे पोर पोटात असतानाच त्याला आमच्यासारखं होऊ द्यायचं नाही! मनूनं जन्मानंतर जात चिकटवली, हे लोक जन्माच्या आधीच रंगरंगोटी करायला निघालेत. आमच्या वस्तीतल्या बौद्ध घरात सुद्धा ही पुस्तकं शिरलीत, म्हणून लिहावं लागतं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पोटावर मंत्र कशाला?

आता ऑपरेशनचं बोलू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर खासगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं पोट कापून झाली, सरकारी दवाखान्यांत १४. खासगीत गेलेल्या बाईचं हाड वेगळं असतं का? पोट तेच, बिल वेगळं. जिथं पैसा आहे तिथं सुरी धावत येते. जिथं सुरी लागतेच तिथं रस्तासुद्धा नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात, मोखाड्याच्या मरकटवाडीत, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, घरोघरी तिरंगा लावायचा हुकूम निघाला होता त्याच दिवसांत, एका आदिवासी बाईला सातव्या महिन्यात कळा आल्या. घरीच जुळी झाली, दोन्ही गेली. तिला झोळीत घालून तीन किलोमीटर डोंगर तुडवत नेलं. त्या बाईचं बाळंतपण शंभर टक्के नैसर्गिक झालं. छापा तिचा फोटो तुमच्या फलकावर.

आता दुधावर येते, कारण इथं आमच्या बायांना सगळ्यात जास्त बोलणी खावी लागतात. अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलंय : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे. पण ती पाटी वाचायला बाई घरी असते का? माझ्या चाळीतली एक बाई माणिकपूरच्या तीन सोसायट्यांत धुणीभांडी करते. बाळंत झाल्यावर विसाव्या दिवशी ती कामावर गेली, कारण बदली बाई टिकली असती तर तिची तिन्ही घरं गेली असती. छाती भरून यायची, झंपर ओला व्हायचा, मालकिणीच्या बाथरूममध्ये दूध पिळून मोरीत सोडायची. घरी पोर सासूजवळ, बाटलीत डब्याचं दूध, आणि डबा महाग म्हणून एका चमच्यात दुप्पट पाणी. त्यातल्याच एका मालकिणीनं तिला विचारलं, अगं, तू अंगावर पाजत नाहीस? किती पौष्टिक असतं! आणि हे विचारताना मालकिणीची स्वतःची २६ आठवड्यांची रजा चालू होती, पगारासकट.

हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया पोराला अफूची बाळागोळी चाटवून निजवायच्या, १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत ते नोंदलंय. आईला रजा नाही म्हणून पोराला अफू. मग अफूची जागा डब्यानं घेतली. १९७४ मध्ये इंग्लंडात 'द बेबी किलर' नावाची पुस्तिका निघाली. गरीब देशांत नर्सचा वेष घातलेल्या विक्रेत्या पाठवून बाटलीचं दूध कसं खपवतात, आणि घाण पाण्यात कालवून ते पोरांना कसं मारतं, हे त्यात होतं. स्वित्झर्लंडच्या पोरांनी तिचं भाषांतर केलं, मथळ्यात थेट नेस्लेचं नाव घालून, तर कंपनीनं त्यांना कोर्टात खेचलं. १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत बाटलीच्या दुधाच्या जाहिरातीला लगाम घालणारी संहिता मताला आली, ११८ देश बाजूनं, एकटी अमेरिका विरोधात. आपल्याकडं १९९२ ला कायदा झाला. तरी २०२४ मध्ये 'पब्लिक आय'नं दाखवून दिलं की त्याच कंपनीचं बाळांचं सेरेलॅक युरोपात साखरेशिवाय मिळतं आणि भारतात साखर घालून. आमच्या पोरांच्या जिभेला आत्ताच सवय लावून ठेवायची.

पण दुधाची दुसरी गोष्ट पण आहे आणि ती आपल्याच मुंबईतली आहे. शीवला, धारावीच्या तोंडावर, महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी काढली. आशियातली पहिली. दिवस भरायच्या आत जन्मलेली, मुठीएवढी पोरं, आई आजारी, अंगावर दूध नाही, अशांसाठी दुसऱ्या बायांनी दिलेलं दूध. देणाऱ्या कोण? त्याच पालिकेच्या वॉर्डात पडलेल्या गरीब बाया. ते दूध तपासतात, पाश्चराइज करतात, गोठवतात. कुणाचं दूध कुणाच्या पोरानं प्यालं, त्यात जात कुठं शोधणार? ज्या देशात माठाला हात लावला म्हणून पोरांना मारतात, त्या देशात एका सरकारी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये महारणीचं, मुसलमानिणीचं, बामणिणीचं दूध एका रांगेत उभं आहे. कुठल्या शंकराचार्याची हिंमत आहे बाटल्या वेगळ्या करायची? मला विचाराल तर महाडच्या पाण्यानंतर मला भावलेलं हेच पेय आहे.

तर प्रश्न निसर्गाचा नाही, वेळेचा आहे. दूध पाजायला वेळ लागतो, आणि वेळ विकत घ्यायची ऐपत आमच्या बाईची नाही. हे बाबासाहेबांना १९२८ मध्येच कळलं होतं. मुंबई कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं बिल आलं तेव्हा ते बाजूनं उभे राहिले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा, पण ज्या मालकाला तिच्या कामातून नफा मिळतो त्यालाही सुटका नाही, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला. १९३८ ला त्यांच्या पक्षाचे प्र. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, बाबासाहेबांनी त्याचं भाषण तयार केलं होतं. ठराव पडला. मूल कधी हवं आणि हवं की नको, हे बाईनं ठरवावं, हे सभागृहाला तेव्हा झेपलं नाही.

मग शंभर वर्षांत झालं काय? २०१७ मध्ये पगारी रजा १२ आठवड्यांची २६ झाली, टाळ्या वाजल्या. पण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत. सातिवलीच्या गाळ्यात जाऊन हजेरीपट बघा. काम वीस बाया करतात, पटावर नऊ नावं. धुणीभांडीवालीचं तर कुठंच नाव नाही. २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण पगारी बाळंतरजा द्यायला मालकिणीला कुणी बांधलेलं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपये लिहिले होते. २०१७ ला योजना आली तेव्हा त्याचे ५००० झाले, ते पण पहिल्या मुलापुरते आणि हप्त्यांनी. कारखाने कायद्यात १९७६ पासून तीसपेक्षा जास्त बाया असतील तिथं पाळणाघर लिहिलं होतं. वसई पूर्वेला इतके गाळे आहेत, मी अजून एक पाळणा हललेला बघितलेला नाही. आणि बीडच्या ऊसतोड बायांचं तर २०१९ मध्ये उघड्यावर आलं, तेरा हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली. पाळी आली, खाडा झाला, मुकादमानं दंड कापला, त्यापेक्षा पिशवीच नको. आईपणाचा सोहळा करणाऱ्यांनी एकदा त्या टोळ्यांत शिबिर भरवावं.

शेवटी दवाखाना. माझं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. कुठल्या ते लिहीत नाही, कुठलाही लिहिला तरी बाया म्हणतील आमच्याकडे पण असंच. आईला दाराबाहेर उभं केलं. एका खाटेवर आम्ही दोघी. ओरडले तर आया म्हणाली, 'नऊ महिन्यांपूर्वी नव्हतीस ओरडली.' शेजारच्या पोरीच्या मांडीवर फटका. उठून बसू द्या म्हटलं तर, 'तुझ्या घरी बस.' खाली कापलं, टाके घातले, विचारलं नाही, सांगितलं पण नाही. ती आया कंत्राटी, तिला स्वतःला बाळंतरजा नसणार, हे मला नंतर सुचलं. त्यानं फटका हलका होत नाही.

शिबिरवाले सांगतात त्यातलं बरंचसं खरं आहे. बाईला चालू द्या, बसू द्या, जवळ आपलं माणूस असू द्या, विनाकारण कापू नका, बाळ लगेच छातीशी द्या. पण ते विकत कशाला घ्यायचं? केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी प्रसूतिगृहासाठी हेच लिहिलंय : सोबतीण आत असावी, बाईला सन्मानानं वागवावं. कागद आहे. दारावरच्या माणसाला तो कुणी दाखवलेला नाही.

आपण दाखवू. माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहायला बसतोय, येत्या रविवारी सकाळी दहाला, विहारात. महापालिकेला विचारायचं : तुमच्या प्रसूतिगृहांत खाटा किती, रात्री भूलतज्ज्ञ असतो का, रक्त कुठून येतं, गेल्या वर्षी किती बाळंतिणी मुंबईला पाठवल्या, सोबतीण आत सोडायचा लेखी आदेश कुठं आहे. कामगार खात्याला विचारायचं : वसई पूर्वेला पाळणाघरं किती गाळ्यांत तपासली. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पोरांनो, ते तुम्ही आणा. घरातल्या बायांना घेऊन या. ज्यांना लहान मूल आहे त्यांनी त्यालाही आणा, आणि अर्ज लिहून होईपर्यंत ते तुमच्या मांडीवर असू द्या.